ओली फिल्म

वालचंदनगर,
रविवार, ता. ४ जानेवारी १९९८

प्रिय राजी,

सप्रेम नमस्कार. साडेसहा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. तू बरी असणारच, तुला काय धाड भरलीय, असं लिहायची मला पूर्वी सवय होती, आजही तसंच लिहून टाकते.

तुझा पुण्याचा पत्ता कुशाकाकूंनी दिला. मागच्या गुरुवारी बारामतीच्या बाजारात भेटल्या. केस पांढरे झालेत, पण मेथीची जुडी चार वेळा उलटीपालटी करून बघायची खोड तीच. म्हणाल्या, "आमची राजी लई मोटी झाली बग. पेपरात नाव येतं. पन वडगावला यायाला सवड न्हाय तिला." मग माझा हात धरून हळूच विचारलं, "तुमी दोगी कशावरनं तुटला गं?" मी म्हटलं, तुटलो कुठं काकू, संसारात पडले एवढंच. तुझ्या आईच्या हातच्या भाकरीवर मी कॉलेजची दोन वर्षं काढली आहेत. त्यांच्याशी मी आजवर एकदाच खोटं बोलले, ते हे.

तू लग्नाला आली नव्हतीस, म्हणून आमच्या ह्यांची माहिती देते. इथं कारखान्यात फिटर आहेत. उंच आहेत, कमी बोलतात, आणि मी रागावले की सायकल पुसायला घेतात, त्यामुळे सायकल कायम चकचकीत असते. दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, मागं पेरूचं झाड आहे. छकुली साडेचार वर्षांची झाली. बालवाडीत जाते आणि दिवसभर तोंडाची टकळी चालू असते. आजीवर गेली आहे, असं माहेरी कऱ्हाटीला सगळे म्हणतात.

महिनाभर माझे आबा कऱ्हाटीहून येऊन आमच्याकडं आहेत. इंदापुरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून सकाळपासून ओट्यावर बसतात. मेंढरं विकून इतकी वर्षं झाली, तरी गल्लीतून एखादी शेळी गेली की मान आपोआप वळते.

आबा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे भांडण नाही, घरात राहतात, मी वाढलेलं जेवतात. पण चहा हवा असला तर छकुलीला म्हणतात, "तुज्या आईला सांग, च्या टाक." मी समोर उभी असते. छकुली माझ्याकडं वळून म्हणते, "आई, च्या टाक." मी म्हणते, "सांग, टाकते." तिला हा खेळ वाटतो. ती बोलायला लागायच्या आधी हे काम माझा भाऊ सूरज करायचा. चार वर्षं झाली याला. का, ते सांगणार आहे. पण आधी कॅलेंडरचं.

नाताळच्या आदल्या दिवशी आबांना डोळे दाखवायला इंदापूरला नेलं होतं. त्यांना एसटी स्टँडवरच्या बाकावर बसवलं आणि ह्यांना फोन करायला समोरच्या खताच्या दुकानात गेले. दुकानदार फोन लावत होता. भिंतीवर नवं कॅलेंडर होतं, कुठल्याशा बियाणांच्या कंपनीचं. जानेवारीच्या पानावर माझी आई होती.

राजी, मी दुकानातल्या पोत्यावर बसले. काखेत कोकरू, पदर खांद्यावर उतरलेला, पुढच्या दोन दातांमधली फट दिसेपर्यंत हसणारी माझी आई. मागं आमच्या शेतातला निंब. खाली बारीक अक्षरात, "मेंढपाळ स्त्री, बारामती. छायाचित्र: राजलक्ष्मी खलाटे."

दुकानदार म्हणाला, "ताई, लागला फोन." मी रिसीव्हर कानाला धरला, पण डोळे कॅलेंडरवरच होते.

कॅलेंडर मागून घेतलं. ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवलंय. आबांना अजून दाखवलेलं नाही.

आता तूच आठव. ९१ चा मे महिना. बडोद्याकडच्या त्या फोटोच्या संस्थेला अर्जासोबत वीस स्लाइडी पाठवायच्या होत्या. आपण दोघींनी फॉर्म आणले होते. तुझ्या मामांनी कॅमेरा दिला होता, स्लाइडचे दोन रोल आणि ते धुवायच्या केमिकलचं खोकंही दिलं होतं. पहिला रोल तू काढलास, तुमच्या उसाचा, आणि धुवायला मुंबईला पाठवलास. तो पांढराफटक होऊन आला. उन्हाचा अंदाज चुकला होता तुझा. मी हसले होते. म्हटलं होतं, पाटलाच्या लेकीला उन्हात उभं राहायची सवय पाहिजे ना. थट्टाच होती. पण ते हसणं तुझ्या मनात राहिलं होतं का, असं आता वाटतं.

दुसरा रोल मला मिळाला. दोन दिवस कॅमेरा घेऊन मी कऱ्हाटीला गेले. आमचा कळप कोकणातून परत आला होता, आणि आबांनी तो विकायचा ठरवलं होतं, म्हणून मला तो जाण्याआधी काढायचा होता. आईचा त्याआधी कुणीही फोटो काढला नव्हता, लग्नातसुद्धा नाही. आधी ती लाजली. मग मी तिला तिच्याच सासूची नक्कल करून दाखवली, आणि ती हसली. त्या हसण्यावर मी बटण दाबलं.

मुंबईला पाठवलं असतं तर तीन आठवडे गेले असते, आणि अर्जाची मुदत तेवढी नव्हती. म्हणून आपण तो बारामतीत तात्यांच्या फोटो स्टुडिओत धुवायचं ठरवलं. मी तिथं कामाला होतेच. ब्लॅक अँड व्हाइट मी डोळे मिटून धुवायचे, कलर निगेटिव्हही केलं होतं. स्लाइड मात्र दोघींनीही कधी केली नव्हती. तात्या लग्नाच्या ऑर्डरवर गेले होते आणि स्टुडिओची किल्ली माझ्याकडं होती.

सहा बाटल्या होत्या. एकीचं औषध दुसरीत जाऊ नये म्हणून मी त्यांच्या गळ्यात रंगीत दोरे बांधले, मेंढरं ओळखू यावीत म्हणून पाठीवर रंग लावतात तसे. पहिल्या डेव्हलपरची लाल. मग चित्र उलटवणाऱ्या रिव्हर्सलची पिवळी, रंग आणणाऱ्या डेव्हलपरची हिरवी, ब्लीचची काळी, चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरची पांढरी. शेवटच्या बाटलीला दोरा उरला नाही. इंग्रजी कागद तू वाचून सांगत होतीस. पहिल्या बाटलीत जे होईल ते कायमचं, पुढच्या पाचांना ते सुधारता येत नाही, असं तू बजावलंस. औषध बरोबर अडतीस अंशांवर हवं होतं. कागद लिहिणाऱ्याच्या देशात पाणी तापवावं लागत असेल. आपल्याकडं टाकीचं पाणीच एकेचाळीसला आलं, आणि आपण तात्यांच्या माठातलं पाणी तांब्या तांब्यानं घमेल्यात ओतून ते उतरवत बसलो. मी फिल्मचा डबा हलवत होते, तू घड्याळ धरून मिनिटं मोजत होतीस. त्या दुपारी मला जगात कुणाचीही भीती वाटत नव्हती, हे तुला खरं सांगते.

शेवटच्या बाटलीतून रीळ बाहेर काढलं, फिल्म उलगडली, आणि ती दुधासारखी होती. निळसर, पांढरी, गढूळ. त्यात कुठं काय आहे ते धड दिसेना.

तू म्हणालीस, "सुकने, गेलं गं." मग विचारलंस, "फिक्सर ओतलेलं नरसाळं धुतलं होतंस का, पहिलं औषध बाटलीत भरायच्या आधी?"

मला आठवेना. आजही आठवत नाही.

तू म्हणालीस, "मग तेच झालं. चार थेंब पुरतात." मी तिथंच खाली बसून रडले. साडेचारची कऱ्हाटीची गाडी चुकली असती, म्हणून तू मला उठवलंस, आवरायचं मी बघते म्हणालीस. दुसऱ्या दिवशी आले तर घमेलं घासून उपडं घातलं होतं. फिल्म कुठं आहे विचारलं. तू म्हणालीस, "टाकून दिली. मला बघवेना." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलास. तुझा तो हात मला इतकी वर्षं मायेचा वाटत होता.

मी फॉर्म चुलीत घातला. तू बडोद्याला गेलीस, कोणते फोटो पाठवलेस ते मी विचारलं नाही. मला वाटलं, मामांनी आणखी रोल दिला असेल.

कॅलेंडर मिळालं त्या आठवड्यात मी इथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडं गेले. पूर्वी ते कारखान्यातल्या यंत्रांच्या स्लाइडी काढायचे आणि स्वतः धुवायचे. मी त्यांना सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, स्लाइडची फिल्म ओली असताना दुधाळच दिसते. तासाभरानं वाळली की काचेसारखी होते. पहिल्यांदा करणारा माणूस हमखास घाबरतो."

एवढंच होतं, राजी. तासाभराचा प्रश्न होता.

पहिला राग मला माझाच आला. ओल्या लोकरीचा भाव कुणी करत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. वाळेपर्यंत थांबावं, मग बघावं. पण तू म्हणालीस चूक तुझी, आणि मला ते लगेच पटलं. कॅमेरा तुझा, कागद तुझा, इंग्रजी तुझं, त्यामुळे चूक तेवढी माझी असणार, असा माझा हिशेब. तुझ्याकडून चूक होऊ शकते, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आता जे टाळत होते ते लिहिते.

आईला मी खरं सांगितलं नाही. घरी गेले तर ती दारातच उभी होती. "आलं का गं माजं त्वांड?" म्हणाली. मी म्हटलं, लई झ्याक आलंय, पुण्याला मोठा करायला दिलाय. तिनं ते गावभर सांगितलं. पुढं दोन वर्षं दर सणाला विचारायची, मी दर वेळी नवी थाप मारायची. ९३ च्या दिवाळीआधी काविळीनं ती गेली. छकुली तेव्हा तीन महिन्यांची होती. दहाव्याला भावकी जमली, पाटावर फुलांचा हार ठेवला, आणि आबा सगळ्यांसमोर मला म्हणाले, "सुकने, आन बरं आता तुज्या आयेचा फटू."

तेव्हा सांगावं लागलं. की फोटो नाही, कधीच नव्हता, माझ्या हातून धुताना गेला, आणि मी दोन वर्षं तिला फसवलं. हार रिकाम्या पाटावरच राहिला. मतदार ओळखपत्राचे फोटो काढायला सरकारी माणसं गावात आली, तेव्हा आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेही नशीब नाही.

आबा एकच वाक्य म्हणाले. "एकच डाव तिचं त्वांड तुज्या हातात दिलं हुतं, ते बी तू पुसलंस." त्या दिवसापासून मधल्या माणसाकरवी बोलतात. मला राग नाही आला त्यांचा. मला ते खरंच वाटत होतं.

आता मला माहीत आहे की मी ते पुसलं नव्हतं. पण मी सांगून काय उपयोग? दोन वर्षं आईला थापा मारणारी मी. कॅलेंडर दाखवलं तर आबा म्हणतील, दुसरीनं काढला तो आला, तुझा गेला. म्हणून तुझ्याकडं मागते. मला तुझं नाव नको, बडोदा नको, कॅलेंडरचं काही नको. तू माझ्या आबांना तुझ्या हातानं दोन ओळी लिही, की तो रोल सुकनीनं काढला होता आणि सुकनीनं नीट धुतला होता. मी वाचून दाखवीन. तुझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही.

मला तुझा राग आलाय, तो लपवत नाही. रोज भांडी घासताना मी तुझ्याशी भांडते. पण हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा नीट लिहिलंय, ते मागणं मागायला. आबा सत्तरीला आले आहेत. लवकर लिही.

वाट बघते आहे,
अजून तरी तुझीच,
सुकनी


वालचंदनगर,
मंगळवार, ता. ३ फेब्रुवारी १९९८

राजलक्ष्मी,

तुझं पाकीट शुक्रवारी पोचलं. घरात सगळे ठीक आहेत. तुझ्याकडंही ठीक दिसतंय. कागद भारी होता.

पाकिटात तीन गोष्टी होत्या. आईचा हातभर मोठा फोटो, पुठ्ठ्यात नीट बसवलेला. तुझं अर्ध्या पानाचं पत्र. आणि एक टाइप केलेला कागद. आबांना लिहायच्या दोन ओळी सापडतात का म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. ह्यांनी विचारलं, काय सांडलं? मी म्हटलं, काही नाही.

तुझं पत्र मला पाठ झालंय. तू लिहितेस, "त्या वेळी मलाही खरंच वाटलं की रोल गेला. संध्याकाळी दोरीवर बघितला तर चित्रं लख्ख होती." ते मी मानते. तुलाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ओल्या फिल्मला फसलो ते आपण दोघी फसलो. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी फिल्म कुठं आहे विचारलं तेव्हा ती वाळलेली होती, राजलक्ष्मी. वाळलेली, कापलेली, आणि तुझ्या पर्समध्ये. तेव्हा तू मला टाकून दिली म्हणालीस. तिथं कुठल्या औषधाची चूक नव्हती.

पुढं लिहितेस, "तुझं लग्न ठरतच होतं, तू काही बडोद्याला येणार नव्हतीस." माझं लग्न तेव्हा कुठं ठरत होतं? आबांनी स्थळं बघायला दिवाळीनंतर सुरुवात केली, कारण फॉर्म चुलीत गेला होता आणि मी घरी बसून होते. तू परिणाम आधी आणि कारण नंतर असा सोयीचा क्रम लावला आहेस. माझ्या रोलमधल्या बारा स्लाइडी तुझ्या अर्जाला लावल्यास, हे तरी सरळ लिहिलंस. तेवढ्याबद्दल बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याबद्दल स्वतःचीच लाज वाटली.

आता तो टाइप केलेला कागद. पुण्याचे कुणी प्रकाशक तुझ्या फोटोंचं पुस्तक काढणार आहेत, मुखपृष्ठावर आई असणार आहे, आणि घरच्यांची हरकत नसल्याचं लेखी हवंय. "सोबतच्या छायाचित्रातील स्त्री माझी पत्नी असून, छायाचित्रकार श्रीमती राजलक्ष्मी खलाटे यांनी काढलेले सदर छायाचित्र पुस्तकात छापण्यास माझी हरकत नाही." खाली रेघ, आणि कंसात "सही अथवा अंगठा". मी तुझ्याकडं आबांसाठी दोन ओळी मागितल्या होत्या. तू उलट आबांचाच अंगठा मागितलास. आणि तो आणून द्यायचं काम मला दिलंस.

तो कागद फाडायला घेतला होता मी. पण आबा ओट्यावरून बघत होते. छकुलीला म्हणाले, "पोस्टानं काय आलंय, इचार तुज्या आईला." छकुली विचारायच्या आधीच मी फोटो घेऊन बाहेर गेले आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. जे व्हायचं ते होऊ दे, असं झालं होतं मला.

आबांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी उन्हात काढू नका म्हणून सांगितलंय, पण मी अडवलं नाही. खूप वेळ बघत राहिले. मी पुठ्ठ्याची एक बाजू धरली. मग त्यांनी आईच्या खांद्यावर, जिथं पदर उतरलाय तिथं, बोट ठेवलं.

छकुलीला म्हणाले, "कुनी काडलाय म्हनं ह्यो?"

मी कागद आणला आणि तुझी ओळ जशीच्या तशी वाचली. नावासकट. माझ्याकडून एक अक्षर जास्त घातलं नाही.

आबा म्हणाले, "खोटं हाय ते."

मग आईचं नाव घेऊन पुढं म्हणाले,

"बानूनं परक्या मानसाम्होरं डोईवरचा पदर कदी ढळू दिला न्हाय. माज्या सख्ख्या भावाम्होरं न्हाय दिला. चाळीस वर्सं बगितलीया मी तिला. आन् हितं बग, उगड्या डोक्यानं कशी हसतीया. ही कुना पाटलाच्या पोरीकडं बगून हसंल व्हय? ही लेकीकडं बगतीया."

मग त्यांनी मान वर केली. छकुली त्यांच्या डाव्या हाताला बसली होती. तिच्याकडं त्यांनी बघितलंच नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "सुकने, तूच काडलास न्हवं ह्यो?"

मी म्हटलं, "व्हय आबा."

"मंग ते नाव खोड."

छकुली उठून उभी राहिली. तिचं काम चुकलं असं वाटलं तिला. म्हणाली, "आबा, मी सांगू का आईला?"

"नगं," आबा म्हणाले. "म्या सांगितलंय तिला."

राजलक्ष्मी, तुझ्या दोन ओळींची मी महिनाभर पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावून वाट बघितली. माझं खरं खोटं ठरवायचं ते तुझ्याच अक्षरात, असं मी धरून चालले होते, जसं त्या दिवशी नरसाळ्याचं धरलं होतं. माझ्या आबांना अक्षर येत नाही. त्यांना तुझी गरज पडली नाही.

त्या दुपारी मी त्यांना सगळं सांगितलं. बाटल्या, माठ, दुधाळ फिल्म, साडेचारची गाडी. आईला मारलेल्या थापाही पुन्हा सांगितल्या, त्या माझ्याच होत्या आणि माझ्याच राहतील. त्यांनी ऐकलं. शेवटी म्हणाले, "चार वर्सं मी बी वाया घालीवली." आणि मला म्हणाले, च्या टाक. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि तिथं उभी राहून पोटभर रडले.

आता कामाचं.

तुझा कागद सोबत परत पाठवते आहे. छायाचित्रकार या शब्दापुढचं नाव मी पट्टी धरून खोडलं आहे आणि वर माझं लिहिलं आहे. त्याखाली आबांचा अंगठा आहे. शाईचं पॅड ह्यांनी शेजारून मागून आणलं. अंगठा नीट उठला आहे, आबांनी दोनदा दाबला. हा कागद असाच चालत असेल तर पुस्तक खुशाल काढा, आमची हरकत नाही, मुखपृष्ठावर आई दिसली तर आबांना आवडेलच. चालत नसेल तर दुसऱ्या कुणाची तरी आई शोधा.

फोटो परत पाठवत नाही. तो भिंतीवर लागला आहे. रोलमध्ये छत्तीस चित्रं होती, त्यातल्या पंधरा-वीसमध्ये आबा आहेत आणि विकायच्या आधीचा कळप आहे. सगळा रोल रजिस्टर पोस्टानं पाठव. येत्या गुरुवारी मी बारामतीच्या बाजाराला जाणार आहे. कुशाकाकू भेटतील, आणि पुन्हा विचारतील, तुमी दोगी कशावरनं तुटला म्हणून. या वेळी त्यांना खरं सांगणार आहे. त्यांना वाईट वाटेल, त्याचं मला फार वाईट वाटतंय. तुझं वाटत नाही.

तू माझी एकुलती एक मैत्रीण होतीस. नंतर मी कुणाशी तशी मैत्री केली नाही, आणि आता करणारही नाही. हेही तुझ्याकडं बाकी आहे, पण ते रजिस्टरनं पाठवता येत नाही.

खाली सासरचं नाव लिहीत नाही. कागदावरही लिहिलेलं नाही. फोटो काढला त्या दिवशी माझं जे नाव होतं, ते लिहिते आहे. छापताना नीट बघून छापा.

सुकन्या गेणू धायगुडे